आयडल सेट करायचा म्हणजे नेमका कुठला स्क्रू फिरवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीसेक वर्षं जुनी पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, एकच कार्ब्युरेटर, गिअर हाताने टाकायचे. पूर्वी न्यूट्रलमध्ये शांत चालू राहायची. आता रेस (इंजिनाचे मिनिटाला फेरे, म्हणजे आरपीएम) १५०० च्या खाली आणली की बंद पडते. मेकॅनिकने स्क्रू फिरवून रेस वाढवून दिली, तेव्हापासून बंद पडत नाही, पण चावी फिरवून काढली तरी इंजिन चार-पाच आचके देत चालूच राहतं. दुसरा, हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवला तरी काही फरक पडत नाही. एसी लावला की रेस पडते. तर आयडल, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन ज्या रेसवर चालू राहतं ती, परत ८०० च्या आसपास आणायला कुठला स्क्रू किती फिरवायचा?

स्क्रूचं उत्तर आधी देतो. ॲक्सिलरेटरची केबल जिथे कार्ब्युरेटरला येऊन मिळते, त्या लिव्हरला टेकलेला, सहसा बारीक स्प्रिंग घातलेला स्क्रू हा आयडलचा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की रेस वाढते, उलटा फिरवला की कमी होते. बस, एवढंच त्याचं काम. पण तुमच्या गाडीत आज तो स्क्रू फिरवायचा नाही. तुम्ही दिलेल्या वर्णनातच दोष कुठे आहे ते बरंचसं लिहिलेलं आहे. १५०० च्या खाली न टिकणं, मिश्रणाच्या स्क्रूला दाद न देणं आणि चावी काढल्यावर चालू राहणं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मी आधी आयडल जेट (आयडलचं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) आणि त्यावरचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी छोटी झडप) बघतो.

एक गोष्ट पक्की धरून चाला. महिन्यापूर्वी आयडल नीट होता आणि आज नाही, तर मधल्या काळात तो स्क्रू आपोआप फिरलेला नसतो. स्प्रिंग त्याला धरून ठेवते. बदललेलं दुसरंच काहीतरी असतं. स्क्रू फिरवून रेस वाढवणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर झटकण्यासारखं आहे. आकडा बदलतो, आजार तिथेच राहतो.

का ते समजायला आयडलला कार्ब्युरेटरच्या आत काय चालतं ते पाहावं लागेल. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की थ्रॉटलची, म्हणजे हवा अडवणारी, चकती जवळजवळ पूर्ण मिटते, कडेला केसाएवढी फट राहते. त्या फटीतून येणारी हवा इतकी थोडी असते की मुख्य जेटमधून पेट्रोल ओढून घेण्याची ताकद तिच्यात नसते. म्हणून आयडलसाठी वेगळा, बारीक रस्ता ठेवलेला असतो: आयडल जेट, त्यात मिसळणारी थोडी हवा, आणि चकतीच्या खालच्या बाजूला उघडणारं भोक. चकतीखाली इंजिनाचा व्हॅक्यूम सर्वांत जास्त असतो, तो त्या भोकातून पेट्रोल खेचून घेतो. मिश्रणाचा टोकदार स्क्रू याच भोकात बसतो आणि किती माल सोडायचा ते ठरवतो. त्याच्या थोडं वर, चकतीच्या कडेशी, आणखी एकदोन भोकं किंवा चीर असते. पाय दाबायला सुरुवात केली की चकतीची कड त्यांच्यावरून सरकते आणि मुख्य जेट काम सुरू करेपर्यंतचं पेट्रोल ती पुरवतात.

आता आयडलचा स्क्रू भरपूर आत गेला की काय होतं बघा. चकती उघडी राहते, कडेची ती वरची भोकं कायमची व्हॅक्यूमखाली येतात आणि इंजिन त्यांच्यावर किंवा थेट मुख्य जेटवर जगायला लागतं. मिश्रणाचा स्क्रू ज्या भोकात आहे त्याला काही किंमतच उरत नाही. म्हणून तो फिरवून फरक पडत नाही. आणि चकती एवढी उघडी असल्यामुळे, ठिणगी बंद झाली तरी फिरत राहिलेलं गरम इंजिन हवा-पेट्रोल ओढत राहतं, ज्वलनकक्षातल्या तापलेल्या काजळीवर ते पेटतं आणि गाडी आचके देते. हे आचके दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत, पिस्टन आणि बेअरिंगवर वाईट धक्के बसतात. तोपर्यंत गाडी बंद करताना चौथा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच हळूहळू सोडत इंजिन थांबवा.

तर कामाला सुरुवात सोलेनॉइडपासून. कार्ब्युरेटरच्या अंगावर एक पितळी किंवा पांढऱ्या धातूचं अंगठ्याएवढं नळकांडं असेल, त्याला एकच वायर. चावी चालू केली की हे वीज घेतं आणि आतली बारीक पिन मागे सरकवून आयडल जेट उघडतं. चावी बंद केली की पिन जेट बंद करते. ते लावलेलंच असतं मुळी इंजिन आचके देत चालू राहू नये म्हणून. इंजिन बंद ठेवून चावी चालू करा, वायरचं टोक काढा आणि परत टेकवा. स्पष्ट टिक् असा आवाज आला पाहिजे, बोट ठेवलं तर ठोका जाणवतो. आवाज नाही आला तर टेस्ट लॅम्पने वायरीत १२ व्होल्ट येतात का बघा. वायरीत वीज आहे आणि तरी टिक् नाही, तर सोलेनॉइड गेला. वीजच नाही, तर फ्यूज, सैल टोक किंवा तुटलेली वायर. निम्म्या वेळा दोष या वायरीत निघतो: एअर फिल्टरचं भांडं बसवताना ती ओढली जाते, टोक दिसायला जागेवर असतं पण आत पकड नसते.

टिक् येत असेल तर जेट. सोलेनॉइड खोलला की बऱ्याच कार्ब्युरेटरमध्ये जेट त्याच्याच टोकाला लागलेला बाहेर येतो, काहींत तो वेगळ्या पितळी होल्डरमध्ये असतो. वेबर आणि सोलेक्स जेटवर आकडा कोरलेला असतो. ४५ म्हणजे भोक ०.४५ मिलिमीटर. उजेडाकडे धरून बघा. स्वच्छ जेटमधून टाचणीच्या टोकाएवढा लख्ख गोल ठिपका दिसतो. अडकलेल्यात एकतर अंधार, नाहीतर चंद्रकोर दिसते, म्हणजे वाळलेल्या पेट्रोलचा पिवळट थर एका बाजूला बसलेला. गाडी बरेच दिवस उभी असेल तर हा थर हमखास. कार्ब्युरेटर क्लीनर मारा, थोडं भिजू द्या, मग दाबाच्या हवेने उलटसुलट फुंका. तार घालू नका. पितळ मऊ असतं, ०.४५ चं भोक ०.५० व्हायला एक घासणं पुरतं, आणि मग मिश्रण कायमचं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. जेट बाहेर आहे तोवर मिश्रणाचा स्क्रूही काढून त्याच्या भोकातून हवा मारा. नुसता जेट साफ करून पुढचा रस्ता तुंबलेला ठेवला तर काम अर्धवट राहतं. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवून किती फेरे गेले ते लिहून ठेवा.

हा स्क्रू बाहेर आला की त्याचं टोक नखाने तपासा. टोक सलग निमुळतं हवं. मध्ये गोल कडी उमटलेली जाणवली, तर कुणीतरी तो शेवटपर्यंत करकचून आवळलेला आहे. अशा टोकावर मिश्रण कधीच नीट लागत नाही, पाव फेऱ्यात एकदम उडी मारतं. नवा स्क्रू घाला आणि त्याचं बारीक ओ-रिंग असेल तर तेही.

जेट साफ झाल्यावर इंजिन सुरू केलंत की रेस एकदम वर जाईल, कारण आयडलचा स्क्रू अजून भरपूर आत आहे आणि आता पेट्रोलचा खरा रस्ताही मोकळा झाला. हे चांगलं लक्षण आहे. आता तो स्क्रू बाहेर काढत रेस ९०० च्या आसपास आणून ठेवा. हे कामचलाऊ, खरं सेटिंग अजून व्हायचंय.

सेटिंगच्या आधी बाकीच्या गोष्टी, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग स्पार्क प्लग आणि पॉइंट (उघडले की ठिणगी पाडणारे संपर्क), मग टायमिंग (ठिणगी पडण्याची नेमकी वेळ), सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर. उलट केलंत तर प्रत्येक पुढची गोष्ट मागचं केलेलं बिघडवते. पॉइंटचं उदाहरण घ्या. डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागातल्या) पॉइंटचं अंतर बहुतेक गाड्यांत ०.४ ते ०.५ मिलिमीटर. ते वाढलं की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. पॉइंटची टाच झिजून अंतर कमी झालं की टायमिंग मागे पडतं. टायमिंग मागे पडलं की आयडल मंदावतो, कुणीतरी स्क्रू फिरवून तो वर आणतं, इंजिन गरम व्हायला लागतं, पिकअप जातो आणि दोष कार्ब्युरेटरवर येतो. जुन्या गाड्यांतल्या ‘कार्ब्युरेटरच्या’ तक्रारींपैकी कितीतरी डिस्ट्रिब्युटरमध्ये सुटतात, हे या धंद्यातलं जुनं गाऱ्हाणं आहे.

टायमिंग लाइट (टायमिंगची खूण दाखवणारा दिवा) लावताना गाडी १५०० वर ठेवून वाचन घेऊ नका. वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी डिस्ट्रिब्युटरमधली वजनं अनेक इंजिनांत १००० च्या पुढे उघडायला लागतात आणि खूण पुढे सरकलेली दिसते. तुम्ही ती ‘बरोबर’ करायला जाल आणि प्रत्यक्षात टायमिंग मागे टाकून बसाल. म्हणूनच आधी जेटचं काम करून रेस खाली आणायला सांगितलं. बहुतेक गाड्यांत टायमिंग बघताना व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (व्हॅक्यूमवर टायमिंग पुढे नेणाऱ्या डब्याची) नळी काढून तिचं तोंड बंद करायचं असतं, पुस्तिकेत तुमच्या इंजिनाचं काय ते दिलेलं असेल. त्याच नळीची आणखी एक भानगड असते. ती कार्ब्युरेटरच्या ज्या टोकावर लागते, ते टोक बऱ्याच रचनांत थ्रॉटलच्या चकतीच्या वर असतं, आयडलला तिथे व्हॅक्यूम जवळजवळ नसतो. कुणी चुकून ती इनटेक मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) टोकावर लावली तर आयडललाच पूर्ण ॲडव्हान्स मिळतो, रेस चढते आणि स्क्रू पूर्ण बाहेर काढला तरी उतरत नाही.

आता हवेची गळती. इंजिन कार्ब्युरेटरला वळसा घालून कुठूनतरी हवा घेत असेल तर आयडल कधीच स्थिर लागणार नाही, कारण त्या हवेबरोबर पेट्रोल येत नाही. जागा ठरलेल्या आहेत: कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची जाड नळी, टॅपेट कव्हरवरून येणारी पीसीव्ही नळी (इंजिनातली वाफ परत आत नेणारी), आणि डझनभर बारीक रबरी नळ्या. या बारीक नळ्या सहसा मधून फाटत नाहीत. टोकाशी, जिथे त्या धातूवर चढवलेल्या असतात, तिथेच रबर ताणून कडक होतं आणि तडा जातो, तोही बहुधा खालच्या बाजूला, जिथे वरून दिसत नाही. प्रत्येक टोकाखाली बोट फिरवा. कडक झालेला शेवटचा तुकडा कापून उरलेली नळी परत चढवता आली तरी सध्यापुरतं भागतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या इंधननळ्यांचं रबरही लवकर खराब होतं, तेव्हा हात लावलाच आहे तर त्याही बघून घ्या.

गळती शोधायचा सोपा मार्ग म्हणजे एकेक नळी कापड गुंडाळलेल्या पकडीने दाबून बघणं. दाबल्यावर रेस बदलली तर त्या नळीच्या पलीकडे काहीतरी आहे. गॅस्केटसाठी पुष्कळ लोक क्लीनरचा फवारा मारतात. चालतं, पण मॅनिफोल्डच्या शेजारीच लाल होण्याइतका तापणारा एक्झॉस्ट असतो हे विसरू नका. मी साध्या पाण्याचा बारीक फवारा वापरतो. जोडावर पाणी पडलं की गळती क्षणभर बंद होते आणि इंजिनाचा आवाज बदलतो, कान देऊन ऐकलं की कळतं. वायरी आणि डिस्ट्रिब्युटर मात्र वाचवा. ब्रेक बूस्टरची परीक्षा वेगळी: इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, किंवा पेडल दाबून धरल्यावर पायाशी फुसफुस ऐकू येऊन आयडल बदलला, तर बूस्टर किंवा त्याची नळी हवा घेतेय. आणि ही गळती आयडलपेक्षा ब्रेकसाठी जास्त गंभीर आहे, ती आधी दुरुस्त करा.

एक गळती अशी आहे की तिच्यावर पॅकिंग बदलून काही होत नाही. थ्रॉटलचा दांडा ज्या भोकात फिरतो ते भोक वर्षानुवर्षांच्या वापराने लंबगोल होतं. लिव्हर बोटात धरून वरखाली हलवा, फिरवू नका. कट्कट् असा खेळ जाणवला आणि हलवताना रेस बदलली, तर तिथून हवा जातेय. त्याची खूण म्हणजे आयडल एकदा ८०० वर येतो, पाय दाबून सोडला की ११०० वर थांबतो, पुन्हा टपली मारली की खाली येतो. स्क्रूशी कितीही झगडलात तरी हे जाणार नाही, बुश (भोकात बसवायची धातूची कडी) घालून घ्यावं लागतं किंवा कार्ब्युरेटर बदलावा लागतो. पण हेच लक्षण केबल अडकत असली किंवा परतीची स्प्रिंग ढिली झाली तरीही येतं, म्हणून बुशच्या खर्चात पडण्याआधी केबल काढून हाताने लिव्हर सोडून बघा.

व्हॅक्यूम गेज मिळालं तर बरेच तर्क वाचतात. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवतं आणि काटा स्थिर असतो. उंचावर दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी धरायचा, म्हणजे घाटावरच्या गाडीत १५ आले म्हणून घाबरायचं नाही. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा मोठी गळती आहे. ठराविक अंतराने टुण्कन खाली उडी मारत असेल तर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा प्लग. हळूहळू झोके घेत असेल तर मिश्रण चुकलंय.

आता प्रत्यक्ष सेटिंग. गाडी मोकळ्या जागेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक, न्यूट्रल, चाकांना अडथळा, बाह्या वर. इंजिन पूर्ण गरम हवं. टेंपरेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे गरम झालं असं नाही. रेडिएटरची वरची नळी हाताला चटका देऊ लागली, किंवा विजेचा पंखा एकदा फिरून थांबला, की गरम. चोक (गार इंजिनासाठी मिटणारी वरची झडप) पूर्ण उघडा आहे हे एअर फिल्टर काढून डोळ्यांनी बघा आणि फिल्टर परत लावा, कारण फिल्टरशिवाय केलेलं सेटिंग फिल्टर लावल्यावर बदलतं. चोकच्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांचा एक कॅम असतो, गार इंजिनाला जास्त रेस देणारा. आयडलचा म्हणून तुम्ही जो स्क्रू फिरवताय तो चुकून त्या कॅमला टेकणारा तर नाही ना? दोन्ही दिसायला सारखे असतात. इंजिन गरम असताना कॅम आणि त्याचा स्क्रू यांच्यात फट दिसली पाहिजे. ॲक्सिलरेटरच्या केबलला किंचित ढील हवी, ताठ केबल म्हणजे दुसरा आयडल स्क्रूच.

दिवे, एसी, पंखा बंद. टॅकोमीटर लावा. कानाने ८०० आणि १००० मधला फरक सांगतो म्हणणारे भेटतात, पण मिश्रण लावताना २० ते ३० आरपीएमचा फरक पकडायचा असतो, तो कानाला कळत नाही. चार सिलिंडरच्या बहुतेक जुन्या गाड्यांचा आयडल ७५० ते ९०० मध्ये असतो, मोठ्या सहा-आठ सिलिंडरच्या इंजिनांचा ६०० ते ७५०. तुमच्या गाडीचा आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असेल, तोच धरा. पुष्कळांना वाटतं, जितका खाली तितका चांगला, पेट्रोल वाचेल. फार खाली गेलात तर ऑइलचा दाब पडतो, अल्टरनेटर चार्ज करेनासा होतो आणि गाडी थरथरते.

मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा, मग दीड फेरा बाहेर काढा. इंजिन सुरू करा, आयडल ठरलेल्या आकड्याच्या ५० वर ठेवा. आता मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर काढा. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर हात काढा आणि इंजिन स्थिरावू द्या, घाई केली की हे काम फसतं. रेस वाढत जाईल, मग थांबेल, मग इंजिन जडावल्यासारखं, किंचित लंगडत चालू लागेल. ती रिच बाजू. आता उलट आत फिरवत या. रेस परत सर्वांत वर येईल आणि आणखी आत गेलात की उतरायला लागून इंजिन अडखळेल. ती लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेली, बाजू. या दोन्हींमधला सर्वांत वरचा बिंदू शोधा. तो सापडल्यावर रेस वाढलेली असेल तर आयडलच्या स्क्रूने खाली आणा आणि मिश्रण पुन्हा तपासा, कारण चकती हलली की मिश्रण बदलतं. दोन-तीन आलटून-पालटून फेऱ्यांनंतर दोन्ही जागेवर येतात. शेवटी मिश्रणाचा स्क्रू एवढाच आत फिरवा की रेस २० ते ३० ने उतरेल आणि तिथे सोडा. एक्झॉस्ट तपासायचं यंत्र उपलब्ध असेल तर अशा गाड्यांच्या पुस्तिकांत आयडलचा कार्बन मोनॉक्साइड बहुधा १ ते ३ टक्क्यांच्या आसपास मागितलेला असतो, त्यावर पक्कं करून घ्या. इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर जुना कार्ब्युरेटर थोडा लीन चालतो, तेव्हा स्क्रू पूर्वीपेक्षा किंचित बाहेर लागला तर नवल नाही.

दिशेबद्दल एक सावधगिरी. मिश्रणाचा स्क्रू थ्रॉटलच्या इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलमिश्रित हवा सोडतो, बाहेर काढला की रिच. काही रचनांत तो फक्त हवा सोडतो, तिथे सगळं उलटं. आणि काही कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलचा स्क्रू कारखान्यातच बसवून सील केलेला असतो, आयडल वेगळ्या मोठ्या बायपास स्क्रूने ठरवायचा. फोक्सवॅगन बीटलवरचा सोलेक्स ३४ पिक्ट-३ त्यातलाच. तिथे थ्रॉटलच्या स्क्रूला हात लावला की पुढचं सगळं गणित चुकतं.

एसयू कार्ब्युरेटर असेल तर गोष्टच वेगळी. त्यात वेगळा आयडल जेट नसतो, एकच जेट आणि वरखाली होणारी सुई सगळ्या वेगांना पुरते. मिश्रण खालच्या षट्कोनी नटने लावतात, वर फिरवला की लीन, खाली आणला की रिच, एकावेळी नटची एक बाजू. तपासायला बाजूची छोटी पिन वर ढकलून पिस्टन जेमतेम ०.८ मिलिमीटर उचलायचा. रेस वाढून तशीच वर राहिली तर रिच, लगेच पडली तर लीन, क्षणभर वाढून परत जागेवर आली तर बरोबर. दोन एसयू असतील तर मिश्रणाआधी दोघांची हवा सारखी करून घ्यावी लागते. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं दोन्ही तोंडांशी आळीपाळीने धरून फुसफुस सारखी येईपर्यंत.

तुमच्या कार्ब्युरेटरवर हे सगळं करूनही मिश्रणाचा स्क्रू दाद देत नसेल तर इंजिन आयडलला चालू असताना, एअर फिल्टर काढून, टॉर्चने वरून घशात बघा. चेहरा मात्र थेट वर नेऊ नका, इंजिन कधीकधी उलटं भडकतं. मध्यभागी डोकावणारी मुख्य नळी कोरडी हवी. तिच्या ओठावर पेट्रोलचा थेंब जमून टपकत असेल तर फ्लोट चेंबरची (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीची) पातळी जास्त आहे: सुईचा व्हॉल्व्ह झिजलाय, फ्लोट भोक पडून जड झालाय किंवा पंपाचा दाब जास्त आहे. अशा गाडीचा प्लग काळा, काजळीने माखलेला निघतो आणि गरम इंजिन पाच मिनिटं थांबवून परत सुरू करायला गेलं की कुरकुर करतं.

एसीचं शेवटी बघा. बेस आयडल एसी बंद असताना लावायचा. एसी लावल्यावर रेस टिकवायला वेगळा व्हॅक्यूम डबा असतो, त्याचा दांडा थ्रॉटलच्या लिव्हरला ढकलतो आणि त्याला स्वतःचा स्क्रू असतो. एसी लावून बघा, दांडा हलतो का? हलत नसेल तर त्याच्याकडे येणारी नळी, विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह आणि डब्यातला पडदा, या क्रमाने. नळी काढून तोंडाने ओढून धरली की पडदा फाटलाय की नाही लगेच कळतं. एसी कॉम्प्रेसरचा क्लच लागताना क्षणभर रेस बसली आणि परत वर आली तर तो दोष नव्हे.

ऑटोमॅटिक गाडीत बऱ्याच पुस्तिका गाडी ड्राइव्हमध्ये ठेवून आकडा वाचायला सांगतात. त्यासाठी सीटवर ब्रेक दाबून बसलेला माणूस हवाच, आणि तुम्ही गाडीच्या पुढे उभं राहायचं नाही.

कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनच्या जुन्या गाडीसाठी वाचत असाल तर थ्रॉटलचा सील केलेला स्क्रू अजिबात फिरवू नका. तिथे आयडल कंप्युटर ठरवतो, आयएसी व्हॉल्व्हमधून हवा कमीजास्त करून. तो स्क्रू फिरवलात तर थ्रॉटल सेन्सरला चकती मिटलेली आहे हेच कळत नाही आणि रेस वरखाली झोके घ्यायला लागते. थ्रॉटल बॉडीच्या कडेला बसलेलं काळं किटण कापडावर क्लीनर घेऊन पुसा, आयएसीचा रस्ता साफ करा, हवेची गळती बघा, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर तपासा. आयडलच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. बॉश एल-जेट्रॉनिकसारख्या अगदी सुरुवातीच्या काही पद्धतींत मात्र थ्रॉटल बॉडीवर खरोखरीचा बायपास स्क्रू असतो, तो फिरवायलाच दिलेला असतो. डिझेलमध्ये पंपावर आयडलचा स्क्रू सापडेल, पण त्याच्याजवळचा तार-सील लावलेला कमाल वेगाचा स्क्रू तोडू नका.

जेट साफ, वायर पक्की, टायमिंग बरोबर, गळती नाही, आणि तरीही तुमचं इंजिन ८०० ला लंगडत असेल तर एकेक प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने काढून बघा. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर काढलेल्या वायरीला आधीच अर्थिंग देऊन (इंजिनाच्या धातूला जोडून) ठेवा, नाहीतर मॉड्यूल जाऊ शकतं. जिची वायर काढल्यावर रेस पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाहीये. त्याचा प्लग आणि वायर बदलून बघा. तरी तसंच राहिलं तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन दाबतो त्या हवेचा दाब) घ्या, गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, सगळे प्लग काढून आणि कॉइलची वायर सोडून. चार आकडे आणि कुठल्या सिलिंडरला रेस पडली नाही ते लिहून कळवा, मग पुढचं बोलू.